अकरा नंबर, हजर!

आधीच सांगून टाकते, समुद्रात जे बुडालं ती उशी होती. माणूस नव्हता. बेकरीवाला अजून सांगत फिरतो, "म्हातारा होता, मी डोळ्यांनी पाहिला." पण तो तेव्हा बेकरीत होता आणि बेकरीतून समुद्र दिसत नाही. मी तिथे होते. उशी होती. फुलाफुलांची.

तर, एकतीस ऑगस्ट. समुद्रकाठच्या कासालमारेतला आमचा महिना संपलेला. आम्ही दर वर्षी एक तारखेला येतो, एकतीसला बोलोन्याला परत जातो, मध्ये भांडतो. मी बॅग घेऊन खाली उतरले, गाडीचं मागचं दार उघडलं, तर माझ्या जागेवर टोमॅटोच्या रसाच्या बाटल्यांचं खोकं. नुसतं ठेवलेलं नाही, पट्टा लावून बसवलेलं. मला आजवर कोणी एवढ्या प्रेमानं पट्टा लावला नव्हता.

"मी कुठे बसू?"

"तू छत्रीखाली बस," बाबा म्हणाले.

मला वाटलं, विनोद करतायत. पण विनोद करताना बाबा आधी स्वतः हसतात, आणि आत्ता ते गाडीचा आरसा पुसत होते.

"अगं, बारा दिवस फक्त," आई म्हणाली. "फ्रीजमध्ये भरलेल्या मिरच्या आहेत. आधी त्या संपव."

म्हणजे ठरलेलं होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, खोक्यालासुद्धा. बाबांचं ऑफिस, आईची हॉस्पिटलातली ड्युटी, माझा भाऊ तित्सियानो गणितात उडालेला, त्याची फेरपरीक्षा. राहिलं कोण?

"आणि तुला काय," बाबा म्हणाले, "तुला तर..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मी शाळा सोडल्यापासून आमच्या घरात वाक्यं अशीच सोडतात. शाळा सोडण्याचा एक मोठा फायदा आहे, तो कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते: तुम्हाला कोणी नापास करू शकत नाही. तोटा एवढाच, की घरातलं कुठलंही काम निघालं की सगळे तुमच्याकडे बघतात.

"बारा दिवस तरी एका जागी बस," तित्सियानो काच खाली करून म्हणाला. "जमेल का?"

मी चप्पल फेकली. तोवर त्यानं काच वर केली होती. चप्पल काचेवर आपटून गाडीखाली गेली आणि बाबांनी गाडी मागे घेताना तिच्यावरून नेली. माझे बारा दिवस एका चपलेनं सुरू झाले.

आता छत्रीचं सांगायला हवं. तेरेसिनाच्या किनाऱ्यावर छत्र्यांच्या आठ रांगा. पहिल्या रांगेत, अगदी पाण्याला लागून, चौदा छत्र्या, आणि त्यातली अकरा नंबरची आमची. चौतीस वर्षं आजोबांच्या नावावर. लोकांकडे सोनं, जमीन वारशानं येते. आमच्याकडे एक छत्री, दोन आरामखुर्च्या आणि वाळूचा नऊ पावलं लांब, सात पावलं रुंद तुकडा, तोही वर्षातले चार महिने. पण हसू नका. पहिल्या रांगेतली जागा मागून मिळत नाही. कोणीतरी मरावं लागतं.

आमच्याकडे फेब्रुवारीत आजोबा गेले.

आणि किनाऱ्याची मूळ मालकीण तेरेसिनाबाई, ती स्वतः जाऊनही बरीच वर्षं झाली, तिनं अशा वेळेसाठी नियम करून ठेवलेला. किनाऱ्यावरच्या बारच्या भिंतीवर तो लिहिलेली फळी आहे, दर वर्षी तिला नवा रंग देतात. छत्री ज्याच्या नावावर, तो गेला, तर त्या वर्षी सप्टेंबर लागल्यापासून घरच्या कोणीतरी रोज दुपारी बाराच्या घंटेला छत्रीखाली हजर राहायचं, किनारा बंद होण्याच्या दिवसापर्यंत. एक दांडी माफ. दुसऱ्या दांडीला जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. तेरेसिनाबाई म्हणायची म्हणे, "ऑगस्टमध्ये कोणीही बसतं. ज्याला खरंच हवी तो सप्टेंबरात बसेल."

हजेरी घेणार तिचा मुलगा साउरो. तोच मालक, तोच जीवरक्षक, सत्तरीचा, गुडघे वाकडे, गळ्यात शिट्टी. बाराची घंटा झाली की वही घेऊन यायचा, मला बघायचा, वहीत खूण करायचा आणि परत जाऊन भोंग्यावर सांगायचा. भोंगा जुलै-ऑगस्टमध्ये हरवलेली पोरं शोधायला असतो. सप्टेंबरात हरवायलाही कोणी नसतं, पण साउरोची सवय. नाव अजून आजोबांचंच, कारण वहीतलं नाव शेवटच्या दिवशी बदलतात. म्हणून रोज दुपारी अख्ख्या रिकाम्या किनाऱ्यावर भोंगा ओरडायचा:

"अकरा नंबर, गारावेल्ली आरिस्तीदे, हजर!"

पहिल्या दिवशी मी दचकून मागे वळून पाहिलं. खोटं कशाला बोलू.

मागे आजोबा नव्हते. मागे सिन्योरा झानोत्ती होती. यादीत पहिली. दुसऱ्या रांगेत बरोब्बर आमच्या मागे तिची छत्री, आणि एकोणीस वर्षं ती पहिल्या रांगेची वाट बघत होती. फेर्रारा गावची, नवरा वारलेला, पाठ ताठ, काळा चष्मा, हातात सुरी आणि पीच. पीचची साल ती एकाच लांब फितीत काढायची, मध्ये तुटू न देता. ते बघूनच मला कळलं, ही बाई वाट बघण्यात माझ्या बापाला हरवेल.

"गेले का सगळे?" तिनं विचारलं.

"गेले."

"तुला ठेवून?"

"मी राहिले," मी म्हटलं. "स्वतःहून."

"हं," ती म्हणाली आणि साल काढत राहिली. असं 'हं' मी हेडमास्तरीणबाईंच्या खोलीत ऐकलं होतं.

पहिले दोन दिवस बरे गेले असं म्हणता आलं असतं, पण गेले नाहीत. साउरो रोज सकाळी एक-एक रांग उपटायचा. आठवी गेली, सातवी गेली. कपडे बदलायच्या खोल्यांची दारं काढून भिंतीला टेकवून ठेवली. बारमध्ये रेमो. त्यानं आईस्क्रीमच्या पेटीत हात घातला आणि म्हणाला, "ज्येष्ठमधाचं आहे."

"आणि?"

"आणि ज्येष्ठमधाचं आहे."

मोसम संपताना प्रत्येक पेटीत तेच उरतं जे जुलैपासून कोणी घेतलेलं नसतं. मी आणि ज्येष्ठमध एकमेकांकडे बघत राहिलो. टेबलावरचा फुटबॉल होता, पण समोर खेळायला कोणी नाही. मी दोन्ही बाजूंनी पळत खेळले आणि दहा-सातनं हरले.

संध्याकाळी बाबांचा फोन. "छत्री कशी आहे?"

"बरी आहे."

"कापड फाटलं नाही ना?"

"नाही."

"वा. ठेवतो मग."

मागून आईचा आवाज, "मिरच्या संपल्या का विचार." फोन ठेवलेला.

आणि मग देबोरा निघाली. आमच्या घोळक्यातली ती शेवटची. बाकीचे ऑगस्टमध्येच पांगले होते, 'भेटू हं, फोन करू हं' करत. देबोराची बस तीन तारखेला, अकरा वीसला. चौक तसा जवळ, पण बस वेळेवर येते यावर आमच्याकडे कोणी पैज लावत नाही. बारापर्यंत परत आले नाही तर? पहिली दांडी.

मी बेकरीत पाव घ्यायला गेले आणि चुकून तोंडातून निघालं. चूक तीच. कासालमारेत सप्टेंबरात कोणाला काही काम नसतं, त्यामुळे सल्ला ताबडतोब मिळतो. रेमो म्हणाला, डॉक्टरचा दाखला आण. आमची घरमालकीण ईव्होन्ने म्हणाली, मी बसते तुझ्याऐवजी, फक्त मला वाळू चालत नाही. आणि बेकरीवाला, हो, हाच तो, पिठाचे हात झटकत म्हणाला, "एवढं काय त्यात? साउरोला लांबचं दिसतंय कुठे! बाहुला बसव."

बाहुला मी बसवला. ईव्होन्नेच्या सोफ्यावरची उशी पोटाला, आजोबांचा टॉवेलचा झगा, तो अजून खुंटीलाच होता, त्यांची गवताची हॅट, काळा चष्मा, समोर पेपर. खरं सांगते, फार छान झाला. आजोबांपेक्षा शांत. हॅट ठेवताना मी जरा थांबले. मग ती थोडी तिरकी केली, ते करायचे तशी, आणि पळाले.

बस वेळेवर आली. त्या बसनं आयुष्यात एकदाच हे केलं. देबोरा खिडकीत बसली आणि मी हात हलवला. ती फोनमध्ये बघत होती. मी बस वळेपर्यंत हलवत राहिले, कारण एकदा वर केलेला हात मध्येच खाली घेतला तर आणखी वाईट दिसतं.

परत आले तर किनाऱ्यावर गाव जमलेलं. सबंध ऑगस्टमध्ये मला एवढी गर्दी दिसली नव्हती. वारा सुटला होता. सायकलवरून जाणाऱ्या एका जर्मन जोडप्यानं पाहिलं, की पहिल्या रांगेतला म्हातारा खुर्चीतून उठला, झगा पसरून पाण्याकडे धावला आणि लाटेत शिरला. बाई किंचाळली. साउरोनं शिट्टी फुंकली, लाल होडी पाण्यात ढकलली, आणि त्या वाकड्या गुडघ्यांनी वल्हवत तो निघाला. मागून बंदर कचेरीची मोटरबोट. हॅट तरंगत होती. झगा तरंगत होता. मध्ये कोणी नव्हतं.

"देवा," कोणीतरी म्हणालं, "गेला."

मी ओरडले, "अहो, उशी आहे ती!"

कोणी ऐकेना. एक आजी मला जवळ घेऊन म्हणाली, "हो हो बाळा, उशी हो," आणि माझं डोकं थोपटायला लागली. माझं डोकं फिरलं. मी इतक्या जोरात ओरडले, की बंदर कचेरीच्या माणसानं मला बरोबर घेतलं.

कचेरीत कारकुनानं कागद पुढे ओढला.

"बुडालेल्याचं नाव?"

"नाव नाही. उशी आहे."

"अनोळखी," तो लिहायला लागला.

"अनोळखी कशी? घरमालकिणीची आहे."

"वय?"

"असेल तीन-चार वर्षं."

त्याचा पेन थांबला. चेहरा पांढरा पडला. "मूल?"

ते मूल परत उशी करायला मला दहा मिनिटं लागली. मग तो म्हणाला, "उशीसाठी आमच्याकडे कागद नाही."

"मग लिहू नका!"

"बोट पाण्यात गेली ना? बोट गेली की कागद होतो. कागद झाला की त्यात बुडालेला लागतो. तुझं वय किती?"

"सतरा."

"मग सहीला मोठं माणूस आण. वडील?"

बाबांना फोन म्हणजे 'छत्री कशी आहे?' याला उत्तर देणं. एवढ्यात दार उघडलं आणि सिन्योरा झानोत्ती आत आली. एका हातात आजोबांची हॅट, पाणी गळतंय, दुसऱ्या हातात स्वतःचं ओळखपत्र.

"मी करते सही."

"मुलीचं आणि तुमचं नातं?" कारकुनानं विचारलं.

सिन्योरानं जरा विचार केला. "मी हिच्या मागे बसते."

कारकुनानं ते तसंच लिहून घेतलं. बहुतेक त्याला जेवायला जायचं होतं. तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. मी उठले, पण बारा टोले म्हणजे काही तास नव्हेत. बाराव्यानंतर जरा वेळानं खिडकीतून भोंगा ऐकू आला. साउरोचा आवाज ओला, धापा टाकणारा:

"अकरा नंबर, गारावेल्ली आरिस्तीदे... गैरहजर."

"तुम्ही मला इथे अडकवून ठेवलंत!" मी सिन्योरावर धावले. "मुद्दाम! जागा हवीये ना तुम्हाला!"

"जागा हवीच आहे," ती शांतपणे म्हणाली. "साउरो आजची दांडी सोडून द्यायला तयार होता, मी म्हटलं लिही. नियम म्हणजे नियम. पण उद्या तू कचेरीत अडकलीस म्हणून मिळालेली जागा मला नको. उठलीस, गेलीस, कंटाळलीस तर घेईन. ही घे हॅट. सावलीत वाळव, नाहीतर आखडेल."

असल्या बाईशी भांडता येत नाही. मी फार प्रयत्न केला.

त्यानंतर मी हलले नाही. पावणेबाराला छत्रीखाली, साडेबाराला वर. शाळेत माझी हजेरी एवढी असती तर मी आज पंतप्रधान असते. ईव्होन्नेला नवी उशी हवी होती, ती मी तिच्याच बागेतला पालापाचोळा दोन दिवस उपसून फेडली. गावात मला 'उशीवाली' नाव पडलं. रेमो ज्येष्ठमधाचं आईस्क्रीम देताना म्हणायचा, "एक तुला, एक म्हाताऱ्याला?"

सात तारखेला वादळ आलं. साउरोनं लाल निशाण लावलं आणि सगळ्या छत्र्या मिटल्या.

"पोरी, घरी जा. लाल निशाण असलं की छत्री उघडायची नाही."

"मग मी हजर कशी?"

"मिटलेल्या छत्रीखाली बस."

"मिटलेल्या छत्रीखाली म्हणजे काठीजवळ!"

"मग काठीजवळ बस. नियमात 'खाली' लिहिलंय. 'उघडी' लिहिलेलं नाही."

मी काठीजवळ बसले. पाऊस आडवा येत होता, वाळू दातात. वळून पाहिलं तर दुसऱ्या रांगेत, डोक्यावर बाजाराची प्लॅस्टिकची पिशवी बांधून, सिन्योरा ताठ बसलेली.

"तुमचं काय काम आहे इथे?" मी वाऱ्यात ओरडले.

"तू उठतेस का बघते!"

"नाही उठत!"

"बघतेच!"

घंटा झाली, साउरो आला, आमच्या दोघींकडे बघून त्यानं स्वतःशीच मान हलवली, खूण केली. जाताना सिन्योरानं एक डबा माझ्या मांडीवर ठेवला. भट्टीतले टोमॅटो, वर पावाचा चुरा, अजून कोमट. "मिरच्या खाऊन तुझा चेहरा मिरचीसारखा झालाय," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून रोज डबा. बोलणं नाही. मी धुऊन परत द्यायची, ती आतून बोट फिरवून बघायची, नीट धुतलाय का.

मिरच्या खात होते हे तिला कसं कळलं, हे मी तेव्हा विचारलंच नाही.

शनिवारी संध्याकाळी बाबांचा फोन. दुसऱ्या दिवशी, रविवारी, किनारा बंद व्हायचा होता. मी मनात तयारी करून ठेवली होती. 'उद्याची एक खूण, बाबा. झालंच.' असं सहज म्हणायचं, जणू काही विशेष नाही.

"अगं, ऐक, तित्सियानो पास झाला!"

"अरे वा."

"तर आम्ही ठरवलंय, पुढच्या वर्षी डोंगरात जायचं. त्याला बक्षीस. आणि आईच्या गुडघ्यांना पण जरा..."

"डोंगरात? गुडघ्यांना?"

"हवा चांगली असते तिथे. तर छत्री सोडून दे. मी सांगणारच होतो परवा, राहून गेलं."

"परवा ठरलं?"

"हो, साधारण."

"मग परवापासून मी कशावर बसलेय?"

बाबांना प्रश्न कळला नाही. "उद्या सकाळच्या बसनं निघ," ते म्हणाले. "आणि येताना घराची किल्ली द्यायला विसरू नकोस, तू विसरतेस."

रविवारी अकरा चाळीसची बस. किल्ली दिली. किनाऱ्याकडे गेलेच नाही. चौकातल्या बाकावर बॅग घेऊन बसले. बेकरीवाला दारात येऊन उभा.

"चाललीस? म्हाताऱ्याला इथेच सोडून?"

एरवी मी त्याचा पाव त्याच्याच डोक्यावर मारला असता. पण अंगात जोर नव्हता. मी आजवर काय काय अर्धवट सोडलंय ते मोजत होते: शाळा, गिटार, व्हॉलीबॉल, देबोराला लिहिलेलं पत्र. प्रत्येक वेळी घरचे म्हणाले, 'सोडलंस ना शेवटी!' या वेळी तेही कोणी म्हणणार नव्हतं. कारण मी काही धरलं होतं, हेच कोणाच्या लक्षात नव्हतं. आणि वीस मिनिटांनी भोंगा ओरडणार, गारावेल्ली आरिस्तीदे, गैरहजर. ते फेब्रुवारीत एकदा गैरहजर झाले, नंतर माझ्या उशीपायी एकदा. माणसाला किती वेळा घालवायचं?

बस आली, अर्थातच उशिरा. ड्रायव्हरनं माझी बॅग खालच्या कप्प्यात टाकली, झाकण आपटलं. मी पायरीवर एक पाय ठेवला.

"मला नाही यायचं," मी म्हटलं.

"मग उतर."

"माझी बॅग द्या."

"आता कप्पा बोलोन्यालाच उघडेल. एकतर तूही चल, नाहीतर ती एकटी जाईल. पाच मिनिटं उशीर झालाय मला."

"पाच? दहा झालाय!"

त्यानं दार लावलं. बॅग गेली. तिला तरी घरी जायची घाई होती. मी पळत सुटले, नव्या चपलांतलीही एक चौकातच निसटली, घ्यायला थांबले नाही. पाइनच्या झाडांखालच्या रस्त्यावर होते तेव्हा पहिला टोला पडला. तिसऱ्याला बार. रेमो फुटबॉलच्या टेबलावर ताडपत्री बांधत होता, ओरडला, "पळ, उशीवाले!" पाचव्याला वाळू. वाळूत पळणं म्हणजे स्वप्नात पळण्यासारखं, पाय चालतात आणि माणूस तिथेच.

सगळा किनारा सपाट. आठही रांगा उपटलेल्या. दोनच छत्र्या उभ्या, आमची आणि तिच्या मागची. आमच्या छत्रीखाली कोणी नाही. साउरो वही घेऊन निघालेला, पण तिच्यापाशी अडकलेला. सिन्योरानं त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती.

"माझं कानातलं पडलंय, साउरो. इथेच कुठेतरी. नीट बघ."

"सिन्योरा, घंटा चाललीये..."

"मोत्याचं होतं. नवऱ्यानं दिलेलं. खाली वाक, तुला दिसत नाही लांबून."

साउरो बिचारा गुडघ्यांवर बसून वाळू चाळत होता. मी त्यांच्या बाजूनं पळत गेले. बाराव्या टोल्याला मी आरामखुर्चीवर अशी पडले, की ती मिटली आणि मी तिच्यात अडकले. पण छत्रीखाली अडकले.

"अकरा नंबर!" मी खुर्चीतून ओरडले. "हजर!"

एक गोष्ट सांगते. सिन्योरा झानोत्तीचे कान मी बारा दिवस बघत होते. टोचलेलेच नाहीत.

साउरोनं मला खुर्चीतून सोडवलं, वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली. "आता नाव बदलायचं. बाबांचं लिहू?"

"बाबांना डोंगर हवाय."

"मग?"

मी पाण्याकडे बघितलं. "नीवेस. नीवेस गारावेल्ली."

त्यानं भुवया वर केल्या. "पैसे-सह्यांचं मे महिन्यात बघू," म्हणाला, सावकाश लिहिलं आणि भोंग्याकडे गेला. मी वाट बघत उभी राहिले, एका पायात चप्पल.

"अकरा नंबर," भोंगा ओरडला, "गारावेल्ली नीवेस, हजर!"

ऐकायला आम्ही तिघं आणि बारमधला रेमो. बेकरीवाला नव्हता, तेच बरं, नाहीतर काहीतरी वेगळंच सांगत सुटला असता.

मग मी मागे वळले. "सिन्योरा, खुर्च्या दोन आहेत. या पुढे."

तिनं सुरी पुसली, पिशवीत ठेवली, आणि एकोणीस वर्षांनी पहिल्या रांगेत येऊन बसली. माझ्या शेजारी. काळा चष्मा काढला. समोर समुद्र. अशा वेळी माणसाला काहीतरी मोठं वाटत असणार, म्हणून मी तिच्याकडे न बघता लाटा मोजल्या.

"एवढंच?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नुसतं पाणी आहे."

"मग काय असणार? पहिली रांग आहे!"

"यादीत नाव त्यांनी घातलं होतं, माझ्या नवऱ्यानं. त्यांना मध्ये कोणाची डोकी नको होती. ते गेले, नाव राहिलं. मी म्हटलं, राहू दे." तिनं डोळे बारीक केले. "मागे बसून मला निदान तुम्ही दिसायचात. तुझे आजोबा हॅट तिरकी करून पेपरात झोपायचे आणि आजी आली की पान उलटायचे. तुझी आई तू रुसलीस की सगळ्यांना खरबूज वाटायची, तुला सोडून, आणि मग स्वतःचं तुला द्यायची. तू नऊ वर्षांची होईपर्यंत टॉवेलखाली तोंड घालून रडायचीस. आणि वादळ येईपर्यंत रोज एकच डबा, त्यात त्याच मिरच्या." तिनं समोर हात केला. "इथून काय दिसतं? इथे कोणीच नाही."

मला राग आला की मी पटकन बोलते. हा राग नव्हता, म्हणून मी उरलेली चप्पल काढून खुर्चीखाली ठेवली.

ती उठली, झग्याची वाळू झटकली आणि परत आपल्या जागी, दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. खुर्ची करकरली. पिशवीतून पीच निघालं.

"साउरो साडेबाराला छत्र्या काढणार आहे," ती मागून म्हणाली. "तोवर बस. आणि पोक काढू नकोस."

मला शाळेत, घरात, बसमध्ये, कोणीही 'नीट बस' म्हटलं की मी मुद्दाम आणखी वाकते.

मी सरळ बसले.